तळपट्टीतलं पाणी

मी एक मोडलेला पूल आहे. माझ्याखालून कधी नदी वाहिली नाही आणि माझ्यावरून कधी साधी सायकलही गेली नाही. एका लोखंडी चौकटीत ठेवण्यासाठी माझा जन्म झाला. बांबूच्या चपट्या काड्या आणि पांढरा गोंद, एवढाच माझा देह.

मित्रांनो, पुलांबद्दल तुम्ही चांगलंच ऐकलं असेल. ते सोशीक असतात, सगळ्यांना पार नेतात, कुणाबद्दल मनात काही ठेवत नाहीत. मोठे पूल असतीलही तसे. मी तसा नाही. मी मनात ठेवलं. वर्षानुवर्षं ठेवलं आणि वाट पाहिली. एका माणसाचा चेहरा पांढराफटक पडलेला मला पाहायचा होता. तो मी पाहिला. कसा, ते सांगतो.

जावा बेटावरच्या केदिरी शहरातल्या तंत्रनिकेतनात दर पावसाळ्यात पुलांची स्पर्धा होते. दोघादोघांची जोडी एक पूल बांधते. पुलाचं वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. मग त्याला लोखंडी चौकटीत ठेवतात आणि वरून जॅकने दाबत जातात, तो मोडेपर्यंत. ज्याने सगळ्यात जास्त भार झेलला तो जिंकला. म्हणजे आमच्या जातीत जिंकणाराही मोडतो. मोडण्याचं दुःख आम्हाला नाही, तो आमचा मान आहे. न मोडता परत गेलेला पूल म्हणजे भरल्या पानावरून उठवलेला पाहुणा.

मला निंग्रुम आणि तेगुह यांनी बांधलं. निंग्रुमची आई बाजारात टेम्पे विकायची. सोयाबीनच्या त्या वड्यांचा आंबूस वास निंग्रुमच्या दप्तरालाही यायचा. आकडेमोडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यात तर नव्हतंच. तेगुह होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा. गळ्यात कायम एक टॉवेल आणि तोंडात जेमतेम दोन शब्द. तो काड्या तासायचा, ती जागा सांगायची.

"ही काडी टाक. गाठ आहे हिच्यात," ती म्हणायची.

"गाठ असली की बळकट असते."

"माणसात असेल. बांबूत नाही."

"माणसात म्हणशील तर तुझ्यात नुसत्या गाठीच आहेत," तो मान वर न करता म्हणायचा आणि ती हसून त्याच्यापुढे तळलेल्या टेम्पेचा डबा सरकवायची.

माझ्या दोन्ही बाजूंच्या तिरप्या काड्यांच्या कैच्या उभ्या राहिल्या, वरची पट्टी बसली, तळपट्टी बसली. वरचे सांधे निंग्रुमने जोडले, तळाचे तेगुहने. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला काट्यावर ठेवलं. वजन मर्यादेच्या आत होतं, पण अगदी काठावर.

"तळाच्या सांध्यांना आणखी एक हात गोंद लावू?" तेगुहने विचारलं. "उद्या सगळा ताण तिथेच येणार."

"थेंबभरही नको. काठावर आहोत."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. मी ऐकलं. आणखी एकाने ऐकलं.

तो दानांग. वर्गातला सगळ्यांचा लाडका. बाप मोठा ठेकेदार, पण पोराला त्याचा तोरा नव्हता. सगळ्यांची थट्टा करायचा, सगळ्यांना मदत करायचा. त्याचा पूल शेजारच्या टेबलावर होता आणि तो वाईट नव्हता. मित्रांनो, हेच मला जास्त लागतं. त्याच्याकडे चांगला पूल होता. सरळ उभा राहिला असता, हरला असता तरी दुसरा आला असता.

"पेचेल-भात खायला चला रे," कुणीतरी म्हणालं. सगळे निघाले. "तुम्ही व्हा पुढे," दानांग म्हणाला, "माझं थोडं घासकाम राहिलंय."

कार्यशाळा रिकामी झाली. बाहेर पाऊस लागला होता. तेगुहचा टॉवेल खिडकीच्या गजावर वाळत होता. दानांगने तो घेतला, बादलीत बुडवला, अर्धवट पिळला आणि माझ्या तळपट्टीभोवती गुंडाळला. जखमेला पट्टी बांधावी इतक्या हळुवार हातांनी. मग तो शेजारी बसून शीळ घालत आपल्या पुलाला कानस मारत राहिला. मधूनमधून उठून टॉवेल पुन्हा भिजवत होता.

बांबू कापला, वाळवला, तरी त्याची तहान जात नाही. मी ते पाणी प्यायलो. नको असताना प्यायलो. पोरं परतण्याआधी त्याने टॉवेल गजावर जिथल्या तिथे टाकला आणि माझ्यावर पंखा लावला. वरवर मी कोरडा दिसू लागलो. आत भरलेलो होतो. हात नाहीत, तोंड नाही, पाय आहेत ते नुसते टेकण्यापुरते. त्या दिवसाइतकी मला माझ्या मुकेपणाची चीड कधी आली नव्हती.

सकाळी सभागृह भरलं. परीक्षक सरांनी मला काट्यावर ठेवलं आणि चष्मा वर केला.

"जास्त आहे."

"नाही सर," निंग्रुम म्हणाली. "पुन्हा ठेवा ना."

त्यांनी पुन्हा ठेवलं. काटा तिथेच गेला. "नियम म्हणजे नियम, पोरी. हा चौकटीत जाणार नाही."

निंग्रुम तेगुहकडे वळली. "लावलास ना गोंद?"

"नाही लावला."

"काल विचारत होतास."

"विचारलं. तू नको म्हणालीस. नाही लावला."

"मग वजन काय आभाळातून पडलं?"

दानांग मध्ये आला. त्याने तेगुहच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं निंग. होतं असं. साधा आहे बिचारा, पडला असेल हात जड."

"हात जड पडला की कुणी पाडायला लावला?" निंग्रुमचा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "खरं सांग तेगुह, कुणाचं मीठ खाल्लंस?"

सगळे वळून बघू लागले. ज्या हातांनी माझे सांधे जोडले ते तेगुहने पँटला पुसले. तो काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं. त्याने कार्यशाळेची किल्ली टेबलावर ठेवली, जाताना कार्यशाळेच्या खिडकीच्या गजावरचा टॉवेल पिशवीत कोंबला आणि पावसात निघून गेला. पुन्हा तंत्रनिकेतनात आला नाही. पुढे कळलं की समुद्रापलीकडे कालिमंतानला, काकाच्या होड्यांच्या कारखान्यात लागला. शिक्षण तिथेच संपलं.

दानांगचा पूल चौकटीत गेला, जॅकखाली कडकडला आणि पहिला आला. त्याने झेललेला आकडा नावासकट सभागृहाच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवला गेला. टाळ्या मी टेबलाखालून ऐकल्या.

निंग्रुमने मला घरी नेलं ते टाकून द्यायला. तिच्या आईने अडवलं.

"चांगलं मांडणीसारखं आहे की. राहू दे."

"आई, पूल आहे तो."

"असेना. तुझ्या पुलावरून कुणी गेलं नाही, माझे डबे तरी जातील."

आणि तिने मला चुलीवरच्या फळीवर ठेवून माझ्यावर पापडांचे पत्र्याचे डबे रचले. भार झेलायला जन्मलेल्याला शेवटी पापडांचा भार मिळाला. खाली टेम्पे तळला जायचा, ऊब वर यायची. हळूहळू माझ्यातलं पाणी उडून गेलं. राग मात्र नाही उडाला. पाणी गेल्यावर तो उलट घट्ट झाला.

महिन्याभराने निंग्रुमने काय मनात आलं कोण जाणे, डबे उतरवले आणि मला आईच्या सोयाबीनच्या काट्यावर ठेवलं. काटा मर्यादेच्या आत थांबला. तिने मला उचललं, पुन्हा ठेवलं. मग ती तिथेच फरशीवर बसली.

"आई, हा हलका आहे."

"मग बरंच की. रडायला काय झालं?"

"गोंद वाळला म्हणून इतकं वजन उतरत नाही गं. हे पाणी होतं."

तिला कळलं होतं. त्या दुपारी कार्यशाळेत मागे कोण राहिलं होतं, तेही तिला आठवलं असणार. मी वाट पाहिली की ती आता उठेल, ओरडेल, तेगुहला बोलावेल, दानांगच्या दारात जाईल. तिने डोळे पुसले, मला फळीवर ठेवलं आणि डबे पुन्हा रचले.

त्या दिवसापासून मला दोघांचा राग होता. दानांगचा, त्याने केलं त्याबद्दल. आणि तिचा, कळूनही गप्प बसली त्याबद्दल. पुरावा नव्हता म्हणून ती दानांगपुढे गप्प असेल. पण तेगुहची माफी मागायला कुठला पुरावा लागत होता?

वर्षं गेली. दानांग मोठ्या बांधकाम कंपनीत इंजिनियर झाला. आई टेम्पे बांधायला जुनी वर्तमानपत्रं आणायची, त्यात एकदा त्याचा फोटो आला. डोक्यावर पांढरं हेल्मेट, मागे नवा पूल, खाली ब्रांतास नदी. आईने त्याच्या तोंडावर टेम्पेची वडी ठेवली आणि कागद गुंडाळला. त्या काळात मला मिळालेलं सुख म्हणायचं तर तेवढंच.

निंग्रुम त्याच तंत्रनिकेतनात शिकवू लागली. पुढे स्पर्धेची सगळी व्यवस्था तिच्याकडे आली. आणि एक दिवस तिने डबे उतरवले, मला फडक्याने पुसलं, सांधा न् सांधा बोटाने दाबून पाहिला. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. इतका शांत चेहरा मी पाहिला नव्हता.

"आता कुठे नेतेस त्याला?" आईने विचारलं.

"पाहुणा येणार आहे आई. त्याची भेट घालून देते."

पाहुणा म्हणजे दानांग. तिनेच त्याला मुख्य परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तो आला, थोडा सुटलेला, पण हसू तेच. पोरापोरींनी स्वागत केलं. त्याने भिंतीवरचा आपला आकडा पाहिला आणि म्हणाला, "अजून कुणी मोडला नाही की काय? काय करता रे दिवसभर?" सगळे हसले.

निंग्रुम मला घेऊन पुढे आली. "स्पर्धेआधी एक जुना पूल बघू," ती मुलांना म्हणाली. "आमच्या वेळचा आहे. वजन जास्त भरलं म्हणून बाद झाला होता. सर, तुम्हीच ठेवा काट्यावर."

दानांगने मला हातात घेतलं. त्याच्या बोटांना आठवलं, डोळ्यांच्या आधी. मला ते जाणवलं. पण सगळे बघत होते. त्याने मला ठेवलं आणि आकडा वाचला. मी मर्यादेच्या आत होतो.

पुढच्या रांगेतून अंजानी नावाची मुलगी उठली. तिचाही पूल स्पर्धेत होता. "मॅडम, मग बाद का केला?"

"त्या दिवशी जास्त भरला."

"जादा गोंद वाळला असेल," दानांग म्हणाला.

"गोंद एक-दोन दिवसांत वाळतो सर. त्याने इतका फरक पडतो?"

"पावसाळा होता," दानांग हसला. "हवेत ओल असते."

"मग सगळ्यांचेच पूल जड भरले असतील," अंजानी म्हणाली. "तुमचा भरला होता का सर?"

मुलगी निरागसपणे विचारत होती. पण मागे खसखस पिकली आणि दानांगला ती झोंबली. निंग्रुम बाजूला उभी होती, हात बांधून.

"हे बघ, मी सांगतो," दानांग जरा जोरात म्हणाला. "हिचा जोडीदार होता ना, तेगुह, तो जरा गबाळा. त्याचा तो ओला टॉवेल त्याने ठेवला असेल पुलावर, विसरला असेल. झालं. एवढ्याशा गोष्टीचा काय काथ्याकूट?"

निंग्रुमने हात सोडले. "दानांग," ती म्हणाली, "टॉवेलचं मी कधीच कुणाला बोलले नाही. मला माहीतच नव्हतं. पाणी होतं एवढंच कळलं होतं, कशाने घातलं ते आज कळलं."

मित्रांनो, तो चेहरा. मी पापडांच्या डब्यांखाली बसून ज्याची वाट पाहिली होती तो. आधी हसू राहिलं आणि रंग गेला. मग हसूही गेलं.  

"आता भार द्या सर," निंग्रुम म्हणाली. "तुमच्या हाताने. त्या दिवशी राहिला होता."

तिने मला चौकटीत ठेवलं. त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने जॅकचा दांडा धरला आणि दाबला. पहिल्यांदा हळू, मग रागाने. मी मोडावं, लवकर मोडावं, खालून मोडावं असं त्याला वाटत होतं. मी नाही मोडलो. काड्या करकरल्या, मी वाकलो, पण एकही सांधा सुटला नाही. मुलं आकडा मोठ्याने वाचू लागली. भिंतीवरचा निळा आकडा आला. गेला. त्याच्या कपाळावरून घाम टेबलावर पडत होता. मी त्याला आणखी दाबायला लावलं, आणखी, हात दुखेपर्यंत. मग मला वाटलं, पुरे. वरची पट्टी एका आवाजात तुटली आणि मी मधोमध मोडलो. तळपट्टीचे सांधे जसेच्या तसे होते.

तो मोडण्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्या दिवशी अंजानीचा पूल पहिला आला. बक्षीस द्यायला दानांग उठला. अंजानीने दोन्ही हात जोडले, नम्रपणे वाकली आणि म्हणाली, "मॅडमकडून घेते सर." तो ढाल हातात धरून उभा राहिला. मग कुणीतरी ती त्याच्या हातातून घेतली. जेवणाला तो थांबला नाही.

निंग्रुमला वाटलं, आता फोनवर माफी मागितली की झालं. मला माहीत होतं की अजून अर्धं बाकी आहे. तेगुहच्या बहिणीकडून नंबर मिळवून तिने त्याला फोन लावला. तिने सगळं सांगितलं, टॉवेल, दानांग, आकडा. 

"टॉवेल ओला होता हे मला बसमध्येच कळलं होतं," तो म्हणाला. "पिशवीतून काढून गळ्यात घातल्यावर. रात्रभर वाळत होता, तरी चिंब."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? मीठ कुणाचं खाल्लंस विचारणारीला?"

 "मला माफ कर, तेगुह."

"असं फोनवर नको," तो म्हणाला. "आरोप काय फोनवर केला होतास?" आणि त्याने फोन ठेवला.

म्हणून ती सुराबायाच्या बंदरावर जाऊन बोटीत बसली. माझे दोन तुकडे आईच्या जुन्या सारोंगमध्ये, म्हणजे लुंगीसारख्या कापडात, बांधून तिने मांडीवर घेतले होते. आईने वाटेसाठी टेम्पे दिला होता, तो तिने उघडलाही नाही.

तेगुहचा कारखाना खाडीच्या काठावर होता. अर्धी झालेली मोठी होडी बरगड्या दाखवत उभी होती. करवतीचं यंत्र घरघरत होतं, माणसं फळ्या वाहत होती. तेगुह आता रुंद झाला होता. त्याने निंग्रुमला पाहिलं आणि फळी करवतीत सरकवत राहिला.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तू गोंद लावला नव्हतास. मला महिन्याभरातच कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले. मला लाज वाटत होती."

त्याने फळी संपवली. यंत्र बंद केलं. कपाळावरचा भुसा पुसला.

"करवत चालू होती," तो म्हणाला. "काही ऐकू आलं नाही."

मग त्याने होडीच्या बरगड्यांवर चढलेल्या माणसांना हाक मारली. "अरे, जरा खाली या सगळे. केदिरीहून बाई आल्यात. त्यांना काही सांगायचंय."

माणसं उतरली, घाम पुसत गोल उभी राहिली. एकाने हळूच विचारलं, "कोण रे ही, दादा?"  तेगुहने निंग्रुमकडे पाहिलं.

"हं. आता सांग."

आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या शब्दापासून, प्रत्येकाकडे बघत. या वेळी तिचा आवाज फुटला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो मित्रांनो, मला दुसऱ्यांदा जास्त गोड लागलं.

तिचं बोलणं संपल्यावर तेगुहने सारोंगची गाठ सोडली आणि मला बाहेर काढलं. तुटलेली वरची पट्टी पाहिली, मग उलटा करून तळपट्टीवर अंगठा फिरवला.

"वरून गेला," तो म्हणाला.

"माझ्या बाजूने," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, मला ताज्या तासलेल्या फळीवर ठेवलं आणि एका माणसाला कॉफी आणायला पाठवलं. दोन कप सांगितले.

मी आता तिथेच असतो. मित्रांनो, तुम्ही कधी पूल बांधलात तर त्याला शोभेसाठी कपाटावर ठेवू नका. त्याच्यावर भार द्या, मोडेपर्यंत द्या, त्याला ते हवं असतं. आणि कुणा माणसाला चारचौघांत वाईट म्हणून बसला असाल, तर त्याची माफी मनातल्या मनात मागू नका. चारचौघे जमवा. करवत बंद होईपर्यंत थांबा. मग बोला.